चौकडीत वैद्य लागतोच

घर हलवून देणाऱ्या कंपनीच्या गोदामात सकाळी साडेसातला जी माणसं जमतात, त्यांच्यात मुकादम कोण हे विचारावं लागत नाही. जो काहीच उचलत नाही तो मुकादम. वय एक्कावन्न, कमरेला रुंद पट्टा, तोही जुन्या सवयीने, कानामागे पेन्सिल आणि समोर भिंतीवर फळा. फळ्यावर गाड्यांचे नंबर असतात. प्रत्येक नंबरापुढे चार माणसं लिहायची एवढंच त्याचं काम. हे काम त्याच्यासारखं दुसऱ्या कुणाला जमत नाही, असं मालकापासून गाडी धुणाऱ्यापर्यंत सगळे म्हणतात.

त्यात काय मोठं, असं कुणालाही वाटेल. ज्याला वाटतं त्याने एकदा लिहून बघावं. चारही पैलवान पाठवले तर कपाट तिसऱ्या मजल्यावरून सुखरूप खाली येतं आणि काचेच्या बरण्यांचा चुरा होतो. चारही हलक्या हाताचे पाठवले तर बरण्या कागदात गुंडाळून तयार, कपाट मात्र जागच्या जागी. म्हणून एक ताकदीचा हवा, एक हलक्या हाताचा. एक असा हवा की ज्याला वळणाच्या जिन्यातून पलंग कसा तिरका घालायचा ते नुसतं बघून कळतं. आणि चौथा गोडबोल्या. घर सोडताना माणसं हळवी होतात, चिडतात, रिकाम्या खोलीत उभी राहून भलत्याच गोष्टींवरून वाद घालतात. त्यांना कुणी बोलण्यात गुंतवलं नाही तर बाकीच्या तिघांना काही काम करता येत नाही.

हे सगळं कुठे शिकलात, असं कुणी विचारलं तर मुकादम सांगायचा, "कॉम्प्युटरवर." ऐकणाऱ्याला वाटायचं, एखादा कोर्स केला असेल. कसला कोर्स? राक्षस मारायचा खेळ होता तो. आणि त्या खेळातली आपली चौकडी हा त्याच्या अभिमानाचा विषय होता, परवापरवापर्यंत. सख्खी धाकटी बहीण पोटाच्या ऑपरेशनसाठी चार दिवस हॉस्पिटलात होती आणि तिने त्याला कळवलं नाही. तिने का कळवलं नाही, त्याची ही गोष्ट.

तीस वर्षं झाली असतील. वडील ज्या कचेरीत होते तिथे नवे कॉम्प्युटर आले, जुने भंगारात निघाले. त्यातला एक वडिलांनी मांडीवर धरून घरी आणला, समोरच्या खोलीत ठेवला आणि पुन्हा त्याच्याकडे बघितलं नाही. त्यात आधीच्या कुणा कारकुनाने गुपचूप भरून ठेवलेला एक खेळ होता. चौघांची चौकडी घेऊन डोंगराच्या पोटातल्या भुयारात उतरायचं. वाटेत राक्षस, खड्डे, कुलूपबंद दारं, आणि अगदी तळाशी कैदेत पडलेली राणी. राणीपर्यंत या घरातलं कुणी कधीच पोचलं नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

सुरुवातीला सात जणांतून चौघं निवडायचे असत. ढालकरी, तिरंदाज, जादूगार, वैद्य, हेर, आणि आणखी दोघं बिनकामाचे. त्यातला एक नुसता गायचा. त्याचा उपयोग काय ते आजतागायत कुणाला कळलेलं नाही.

मुकादम तेव्हा मुकादम नव्हता, घरातला दादा होता, एकवीस वर्षांचा. तो थोरला म्हणून ढालकरी झाला. मधल्या भावाने तिरंदाज पटकावला. आई चहाचे कप न्यायला आली आणि "मी कोण?" म्हणाली, म्हणून तिला जादूगारीण केलं. आईला त्या खेळातली एकच गोष्ट कळली, की आगीचा गोळा टाकता येतो. मग समोर राक्षस असो, बंद दार असो की चुकून आडवा आलेला मधला असो, आईची पाळी आली की आगीचा गोळा.

उरली धाकटी. तेरा वर्षांची, दोन वेण्यांची, आणि तिला हेर व्हायचं होतं. हेर सगळ्यांच्या पुढे चालतो. खड्डे ओळखतो, कुलपं उघडतो, आणि अंधारातली वाट सगळ्यांच्या आधी त्याला दिसते. भुयाराचा नकाशा काढायला तिने चौकटींची नवी वहीसुद्धा आणून ठेवली होती.

"हेर नको," दादा म्हणाला. "मग वैद्य कोण होणार?"

"मधला होईल."

"त्याच्याच्याने होणारे का? तू हो. चौकडीत वैद्य लागतोच."

"पण हेर असला तर आपण खड्ड्यात पडणारच नाही."

"आणि पडलो तर?"

तिने वही मिटून बाजूला ठेवली. "फक्त या वेळी हं," ती म्हणाली, आणि तिच्या त्या एका वेळेची पाच वर्षं झाली. दर रविवारी दुपारी वडील झोपले की चौघं त्या पडद्यासमोर बसायचे. हेर नसल्यामुळे चौकडी वाटेतल्या झाडून सगळ्या खड्ड्यांत पडायची आणि धाकटी एकेकाला बरं करायची. वैद्य रांगेत सर्वांत मागे असतो. तिने काढलेले नकाशे सुंदर होते, पण ते सगळे इतरांच्या पाठीमागून चालताना काढलेले.

एका टप्प्यावर प्रत्येकाला एक जादा विद्या निवडता यायची. त्यात मलमपट्टी होती.

"एकाने तरी घ्या ना ती," धाकटी म्हणाली. "मी पडले तर मला कोण उठवणार?"

कुणी घेतली नाही. मधल्याला दुहेरी बाण हवे होते, आईला अर्थातच मोठा गोळा. दादा तर साफ नाही म्हणाला. एका कामाला दोन माणसं म्हणजे एक माणूस फुकट गेला, हे त्याचं तत्त्व तेव्हापासूनचं. मग धाकटी पडली की काय करायचे? खेळ बंद करायचे आणि मागे जिथे जपून ठेवला असेल तिथून पुन्हा सुरू करायचे. ती पुन्हा उभी, धडधाकट, रांगेत शेवटची. त्यामुळे वैद्य पडल्यावर पुढे काय होतं, ते त्या घरात कुणाला कधी कळलंच नाही.

पुढे खेळ सुटला, कॉम्प्युटर खऱ्या अर्थाने भंगारात गेला. वडील वारले. दादा घर हलवणाऱ्या कंपनीत लागला, आधी कपाटं उचलायला आणि मग फळ्यापुढे. त्याचं लग्न झालं, तो वेगळा राहू लागला. मधला दुसऱ्या गावी गेला. धाकटीने जमीन मोजणीचं शिक्षण घेतलं आणि चोविसाव्या वर्षी तिला एक पत्र आलं. लांब कुठेतरी नवं बंदर बांधणार होते. तिथला किनारा आधी पायी फिरून मोजायचा होता आणि त्या तुकडीत तिची निवड झाली होती. पत्र तिने सगळ्यांना वाचून दाखवलं, मग आईला पुन्हा एकदा.

त्यानंतर पंधरा दिवसांत आईचं डावं अंग गेलं.

तिघं भावंडं स्वयंपाकघरात बसली. दादाने कॅलेंडरचं जुनं पान उलटं केलं, कानामागची पेन्सिल काढली आणि वाटणी मांडली. डॉक्टर, औषधं, कागदपत्रं, सगळी पळापळ त्याच्याकडे. मधल्याची बायको गरोदर, तर मधल्याने महिन्याला एक फेरी मारावी. मग त्याने धाकटीचं नाव लिहिलं आणि त्यापुढे एकच शब्द लिहिला, 'आई'. वाटणी बिनचूक होती. ज्याला जे जमतं ते त्याला दिलेलं, कुणावर ज्यादा बोजा नाही असं कागदावर तरी दिसत होतं. खरं सांगायचं तर त्याला स्वतःचं थोडं कौतुकही वाटलं.

"वर्षाचा प्रश्न आहे," तो म्हणाला.

"वर्षभरच?"

"वर्षभरच गं."

आई तेरा वर्षं अंथरुणात होती.

त्या तेरा वर्षांत धाकटी काय काय शिकली ते दादाला नीट सांगता येणार नाही, कारण त्याने विचारलं नाही. कूस कशी बदलायची, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून काय करायचं, आईच्या तोंडातून निघणाऱ्या अर्धवट आवाजांतला कुठला पाण्याचा आणि कुठला रागाचा, हे त्या घरात फक्त तिला येत होतं. सकाळी शेजारच्या बाई आईजवळ बसायच्या तेवढ्या वेळापुरतं तिने कोपऱ्यावरच्या नकाशांच्या प्रती काढणाऱ्या दुकानात काम धरलं. दुसऱ्यांनी काढलेले नकाशे लहानमोठे करून छापायचे. दादा दर रविवारी यायचा, आईजवळ अर्धा तास बसायचा, जेवायचा आणि जायचा. एकदा धाकटी तापाने फणफणली होती. आईची चादर बदलायला हवी होती. दादाने चादर हातात घेतली, पण आईला न दुखवता ती खालून कशी काढायची ते त्याला कळेना. कपाट असतं तर त्याने ते एकट्याने फिरवलं असतं. शेवटी धाकटीच उठली आणि तापात चादर बदलली. दादाने दार धरलं. वास्तविक ते दार धरायची काही गरज नव्हती.

आई गेली त्या दिवशी माणसं पांगल्यावर तो धाकटीला म्हणाला, "आता तू मोकळी झालीस."

"हो," ती म्हणाली आणि आईच्या उशीचा अभ्रा काढायला लागली. ती सदतीस वर्षांची होती. ते बंदर बांधून जुनं झालं होतं.

ते वाक्य त्याला परत घेता आलं असतं तर त्याने उरलेला जन्म फुकट कपाटं उचलली असती. तेव्हापासून सहा वर्षं तो रविवारी बहिणीकडे जात राहिला, ते मनात एकच धरून. तिला सांगायचं की माझं चुकलं, मी तुला कधी विचारलंच नाही. पण तो समोर बसला की गळती लागलेल्या नळाबद्दल बोलायचा. ती चहा करायची. तो पिऊन उठायचा. मागच्या दोन रविवारी मात्र ती "दुकानात काम आहे" म्हणाली होती आणि त्याला, लाज वाटावी अशी गोष्ट, जरा सुटल्यासारखं झालं होतं.

आणि मग गुरुवारी सकाळी, तो फळ्यावर तिसऱ्या गाडीची माणसं लिहीत असताना गोडबोल्याने विचारलं, "मुकादम, ताईंना घरी कधी सोडणार?"

"कुठल्या ताई?"

"तुमच्या. काल आम्ही त्यांच्या इमारतीत सामान चढवत होतो. दाराला कुलूप होतं. वरच्या बाई म्हणाल्या, ऑपरेशन झालं, हॉस्पिटलात आहेत. गाठ काढली ना?"

"हो. बरी आहे आता," मुकादम म्हणाला, आणि फळ्याकडे वळला. त्या दिवशी तिसऱ्या गाडीवर चारही पैलवान गेले. असं त्याच्या हातून बावीस वर्षांत झालं नव्हतं.

भेटायची वेळ चार ते सहा होती. तो पावणेचारला जाऊन जिन्यात उभा राहिला. वाटेत त्याने काय घ्यावं म्हणून दोन दुकानं पालथी घातली होती. तिला काय खायला चालतं ते माहीत नव्हतं, म्हणून रिकाम्या हाताने आला. लांबट खोली, सहा खाटा, खिडकीकडची तिची. ती उशीला टेकून बसली होती, हाताला सुई, केस कुणीतरी नीट विंचरून दिलेले.

"अरे," ती म्हणाली. "तुला कुणी सांगितलं?"

तो स्टुलावर बसला आणि बसता बसता त्याची नजर खाटेशेजारच्या छोट्या कपाटावर गेली. त्याच्या दाराला चौकटींचा एक कागद चिकटवलेला होता. डावीकडे वार, वरती चार रकाने. वरच्या मजल्यावरच्या ड्रायव्हरबाई, ज्यांनी शाळेची बस चालवण्यात जन्म काढला: ने-आण, उठवणं-बसवणं. दुकानातली जोडीदारीण: फॉर्म, विमा, डॉक्टरांचं बोलणं लिहून घेणं. कोपऱ्यावरचा औषधवाला: गोळ्या, वेळा. आणि चौथी शाळेपासूनची मैत्रीण. तिच्यापुढे लिहिलं होतं, 'बडबड'.

"ही कशाला?" त्याने विचारलं. धंद्यातला प्रश्न, आपोआप आला.

"पहिल्या दिवशी फार दुखतं. तेव्हा कुणीतरी सारखं बडबडणारं लागतं."

तो बघत राहिला. एकही माणूस ज्यादा नव्हता, एकही काम उघडं नव्हतं. औषधवाला संध्याकाळी दुकान सोडू शकत नाही म्हणून त्याची वेळ सकाळची. ड्रायव्हरबाई अडकल्या तर जोडीदारीण, जोडीदारीण अडकली तर मैत्रीण. प्रत्येक कामाला दुसरा माणूस लिहून ठेवलेला. ही एकच गोष्ट त्याने केली नसती, आणि तीच बरोबर होती. इतकी उत्तम चौकडी त्याने स्वतः कधी निवडली नव्हती. त्याला क्षणभर अभिमान वाटला, बहिणीला आपलं काम येतं म्हणून. मग त्याने कागद पुन्हा वरपासून वाचला. दुसऱ्या माणसांतही तो कुठे नव्हता.

"मला का नाही सांगितलंस?"

"घरी गेल्यावर सांगणार होते. उगाच तुझा दिवस मोडला असता."

"मी भाऊ आहे तुझा."

"आहेसच की." तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. नवीन माणूस कामाला आला की तो स्वतः जसं विचारतो, तसंच तिने विचारलं, "पण दादा, तुला यातलं काय येतं?"

तो विचार करू लागला. खरोखरच करू लागला. "मी उचलीन तुला."

"ड्रायव्हरबाई उचलतात. त्यांना शिकवलंय मी, टाक्यांवर ताण न येता कसं ते."

"डॉक्टरांशी भांडीन."

"डॉक्टर चांगले आहेत रे. इथे कुणी मारायला येत नाहीये."

तिला हसू आलं, आणि हसल्यावर टाके दुखले म्हणून तिने पोटावर हात दाबून धरला. तो अर्धवट उठला, काय करायचं ते न कळून पुन्हा बसला. मग सहा वर्षं जे आत साठलं होतं ते त्याच्या तोंडून एकदम निघालं. माझं चुकलं. तुझं पत्र आलेलं मला माहीत होतं. मी तुझ्या नावापुढे आईचं नाव लिहिलं आणि मला त्याचं कौतुक वाटलं. तुला काय हवंय ते मी तेव्हा विचारलं नाही, आधी कधी विचारलं नाही, नंतरही नाही. तो हे बोलत होता आणि शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीने त्याच्याकडे बघायचं नाही म्हणून तोंड भिंतीकडे फिरवलं.

"तू चुकीचं माणूस नव्हतं निवडलंस," धाकटी म्हणाली. "मला जमलं ते. चांगलं जमलं. तेच तर वाईट झालं."

मग तो रडू लागला. मुकादम, कमरेला पट्टा, भर चार वाजताच्या उजेडात. तिने सुई नसलेला हात पुढे केला. हात पोचेना, म्हणून ती कण्हत उशीवरून जरा सरकली आणि त्याच्या मनगटावर थोपटू लागली.

"असू दे आता. पाणी पी जरा. तिथे तांब्या आहे बघ. जेवलास का दुपारी?"

"नाही."

"मग असंच होणार. खाली कॅन्टीन आहे, काहीतरी खा. आणि मला काही झालेलं नाहीये, गाठ साधी निघाली. घाबरू नकोस. हळू श्वास घे."

तो हळू श्वास घेऊ लागला. त्याला बरं वाटू लागलं होतं. छातीवरचा सहा वर्षांचा दगड खरोखरच हलत होता, आणि तेवढ्यात त्याचं लक्ष तिच्या चेहऱ्याकडे गेलं. कपाळावर घाम होता. ओठ पांढरे पडले होते. सरकल्यामुळे तिला दुखत होतं, आणि तरी तिचा हात थोपटायचा थांबला नव्हता.

त्याच्या तेव्हा लक्षात आलं, की तो तिला भेटायला आलाच नव्हता. तो बरं करून घ्यायला आला होता.

त्याने तिचा हात उचलून हळूच चादरीवर ठेवला आणि उभा राहिला.

"निघालास? अजून वेळ आहे. बस की."

"नको. तू पड आता."

"रागावलास का?" डोळे मिटत असतानाही तिने विचारलं.

"नाही गं. पड."

त्याने स्टूल आवाज न करता खाटेखाली सरकवलं. दारापर्यंत सहा-सात पावलांचं अंतर असेल. तिथे पोचून त्याने मागे वळून बघितलं, तोवर तिला गाढ झोप लागली होती.